बालांगिगा, पूर्व सामार : घंटांच्या गोष्टीपलीकडचं गाव

लंगरवाला

नमस्कार मंडळी. फिलिपिन्सवर इथे धागे निघतात ते मनिला, बोराकाय, फार तर एल निडोचे. मला लिहायचंय ते एका खेड्याबद्दल, बालांगिगा त्याचं नाव. जहाजावर आमचा बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) तिथला. संध्याकाळी काम संपलं की मागच्या डेकवर बसून तो गावच्या गोष्टी सांगायचा, मग एका सुट्टीत त्याच्याच घरी जाऊन राहिलो, आणि परत आल्यापासून जे हाताला लागेल ते वाचतोय. नेटवर शोधलंत तर या गावाबद्दल एकाच सकाळची गोष्ट सापडेल, २८ सप्टेंबर १९०१ ची. ती सांगणार आहेच, पण गाव त्याच्या आधीही होतं आणि नंतरही आहे, आणि तिथल्या माणसांना कोणी विचारतच नाही की बाबांनो सध्या कसं चाललंय, हे मला फार लागतं. म्हणून आधी गाव, मग लढाई.

सामार हे फिलिपिन्समधलं लुझोन आणि मिंदानाओनंतरचं तिसरं मोठं बेट. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, लेयते आखाताकडे तोंड करून, बालांगिगा नावाच्याच नदीच्या मुखाशी हे गाव आहे. पश्चिमेला लावाआन, पूर्वेला गिपोर्लोस. किनाऱ्यालगत सपाट पट्टी, तीही अरुंद, आणि मागे लगेच चुनखडीचे डोंगर नि जंगल. वस्ती सगळी मिळून चौदा हजारांच्या आसपास आणि क्षेत्रफळ म्हणाल तर १९० चौरस किलोमीटरच्या घरात, म्हणजे बराचसा भाग डोंगर-जंगलच. सामारच्या याच जंगलांत फिलिपिन्सचं ते प्रसिद्ध माकडखाऊ गरुड १८९६ मध्ये पहिल्यांदा शास्त्रज्ञांच्या हाती लागलं. पाऊस वर्षभर. कोरडा ऋतू असा नाहीच, आणि नोव्हेंबर ते जानेवारी तर विचारू नका.

कारभार कसा चालतो तेही सांगतो कारण मला ते आवडलं. तिकडे मुनिसिपालिटी म्हणजे शहर असावं लागत नाही, अख्खा ग्रामीण टापू मिळून एक मुनिसिपालिटी, आणि तिच्या खाली बारांगाय, म्हणजे वाडीएवढी छोटी एककं. बालांगिगात तेरा बारांगाय आहेत. मेयर थेट लोक निवडतात, तीन वर्षांसाठी, आणि लागोपाठ तीनच टर्म. प्रत्येक बारांगायला आपला कॅप्टन आणि सात सदस्य. बोसनचा थोरला भाऊ असा सदस्य होता, त्यामुळे त्यांच्या ओसरीवर सकाळपासून माणसं, कुणाला दाखला हवा, कुणाचं शेजाऱ्याशी कुंपणावरून वाजलंय. अशी भांडणं आधी बारांगायपुढे मिटवायचा प्रयत्न करायचा आणि मगच कोर्ट, असा तिथला कायदाच आहे.

भाषा वाराय. सकाळी कुणीही दिसलं की "माउपाय न्गा आगा". धर्म बहुतेक सगळ्यांचा कॅथलिक, गावचा रक्षक संत सान लोरेन्झो, १० ऑगस्टला फिएस्ता. त्या दिवशी कुराचा नावाचा नाच असतो, बाई कोंबडीसारखी निसटते आणि पुरुष मागे मागे, आणि बघणारे नाचणाऱ्यांवर पैसे टाकतात. ते पैसे गोळा होऊन एखाद्या कामाला जातात. म्हातारी माणसं यात सगळ्यात पुढे असतात हे बघून फार छान वाटलं.

पुढचं प्रतिसादात लिहितो, जेवण गार होतंय.

माडबागायत

छान सुरुवात. लंगरदादा, मी दिवेआगरकडची, घरची माड-पोफळीची बाग. नारळाचं काय ते सविस्तर लिहा की. खोबरं करतात का विकतात नुसते? आणि माडी काढतात असं ऐकलंय, खरंय का?

लंगरवाला

माडताई, तुम्ही विचारणार हे माहीतच होतं :)

तिथे नारळ नुसता विकणं कमीच, खोबरं करून विकतात, त्याला कोप्रा. मी दोन दिवस बोसनच्या मेव्हण्यासोबत हेच बघत होतो. जमिनीत तिरकी रोवलेली लोखंडी पहार असते, तिच्यावर नारळ आपटून तीन झटक्यांत सोडण मोकळं. मग कोयत्याने दोन भकलं. जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर बांबूचा माच, त्यावर भकलं उपडी मांडायची आणि खाली करवंट्या नि सोडणं धुमसत ठेवायची. ज्वाळा उठू द्यायची नाही, नाहीतर खोबरं करपतं आणि व्यापारी भाव पाडतो. रात्रभर कुणीतरी जागं राहतं. दुसऱ्या दिवशी वाकड्या सुरीने खोबरं करवंटीतून उचकटून पुन्हा वाळवायचं. मेव्हण्याचे डोळे कायमचे लाल, धुराने. पोतं गेलं की व्यापारी आधी ओल किती आहे ते दाबून बघणार आणि वजनातून कापणार. बाग बहुतेकदा दुसऱ्याची, हा वाटेकरी, त्यामुळे कापून जे उरतं त्याचेही भाग पडतात.

माडी आहे, तुबा म्हणतात. सकाळ-संध्याकाळ माणूस माडावर चढतो, खोडात पाय ठेवायला खाचा पाडलेल्या असतात, पोयीला काप देऊन बांबूचं नळकांडं बांधायचं. पण रंग लाल! खारफुटीच्या झाडाची साल कुटून टाकतात, त्याला बारोक म्हणतात. त्याने रंग येतो, तुरटपणा येतो आणि माडी टिकते. वर्ष-वर्ष मुरवलेली मिळते, तिला बाहालिना म्हणतात. ताजी गोडसर, जुनी डोक्यात जाणारी.

पुराणवस्तू

वाचतोय. १९०१ ची गोष्ट येऊ दे आता. अमेरिकन पुस्तकांत याला कत्तल म्हणतात, फिलिपिनो बाजूने वेगळं सांगतात, तुझं मत काय ते पण लिही.

लंगरवाला

लिहितो, लांब होईल.

पार्श्वभूमी आधी. १८९८ मध्ये स्पेन अमेरिकेकडून हरलं आणि पॅरिसच्या तहात दोन कोटी डॉलर घेऊन फिलिपिन्स अमेरिकेला देऊन टाकला. ज्यांनी स्पेनविरुद्ध बंड करून स्वातंत्र्य जाहीर केलं होतं त्यांना कुणी विचारलंच नाही. फेब्रुवारी १८९९ मध्ये अमेरिकेशी युद्ध पेटलं. मार्च १९०१ मध्ये फिलिपिनोंचा अध्यक्ष आग्विनाल्दो पकडला गेला पण सामारमध्ये जनरल व्हिसेंते लुकबान डोंगरातून लढत राहिला. त्याची रसद किनाऱ्यावरच्या गावांतून जायची, ती तोडायला ऑगस्ट १९०१ मध्ये नवव्या पायदळ पलटणीची सी कंपनी, ७४ माणसं, बालांगिगात उतरली. मुख्य अधिकारी कॅप्टन थॉमस कॉनेल.

पहिले काही आठवडे बरे गेले. सैनिक नि गावकरी एकत्र तुबा प्यायचे, पोलीसप्रमुख वालेरियानो आबानादोर त्यांना काठीचे डाव दाखवायचा. मग बिघडत गेलं. तुब्याच्या दुकानात दारू प्यायलेल्या सैनिकांनी दुकान सांभाळणाऱ्या मुलीला छेडलं आणि तिच्या भावांनी त्यांना चोपलं. त्यावर कॉनेलने गावातले पुरुष गोळा केले आणि सोळा माणसांसाठी केलेल्या तंबूंत दाटीवाटीने कोंडले, पावसात, उपाशी. त्यांच्याकडून गावसफाईची सक्तीची मजुरी. घराघरातले कोयते, म्हणजे बोलो, जप्त, आणि साठवलेला तांदूळ नष्ट केला. पावसाळ्याच्या तोंडावर तांदूळ जाळणं म्हणजे काय ते शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला सांगायला नको.

मग कट. सफाईला आणखी मजूर लागतील असं सांगून आबानादोरने डोंगरातली माणसं गावात आणली, अमेरिकनांना वाटलं कर फेडायला आलेत. आदल्या रात्री चर्चमध्ये लहान शवपेट्या नेल्या, पटकीने मेलेली पोरं म्हणून, आणि आत कोयते होते, असं बचावलेल्या सैनिकांच्या बाजूने सांगतात. २८ ला शनिवारी सकाळी सैनिक नाश्त्याला बसलेले, रायफली बराकीत. आबानादोर पहाऱ्यावरच्या सैनिकाजवळून सहज चालल्यासारखा गेला, त्याची रायफल हिसकली, डोक्यात दस्ता घातला आणि आरोळी दिली. त्याबरोबर चर्चच्या घंटा वाजल्या आणि चहूबाजूंनी माणसं तुटून पडली. त्या दिवसाच्या नोंदींत एका बाईचं नाव येतं, कासियाना नासिओनालेस, सगळ्या पुरुषांत ती एकटी. कॉनेलसकट तिन्ही अधिकारी मेले. जखमांनी नंतर गेलेले धरून ७४ पैकी ४८. गावकऱ्यांचे २८ गेले असं धरतात. उरलेले सैनिक होड्यांतून पश्चिमेकडच्या बासेय गावाकडे पळाले.

दुसऱ्याच दिवशी बासेयहून दुसरी कंपनी आली आणि गाव जाळलं. गावकरी आधीच डोंगरात गेले होते.

पण खरं पुढे आहे. ब्रिगेडियर जनरल जेकब स्मिथने मरीन मेजर वॉलरला हुकूम दिला की कैदी नकोत, मारा आणि जाळा, सामारचा आतला भाग ओसाड रान करून टाका. शस्त्र धरू शकेल त्याला मारायचं, तर असा कोण, वय किती, असं वॉलरने विचारलं तर उत्तर दहा वर्षं आणि त्यावरचे. हे कोर्ट मार्शलच्या नोंदीत आहे, कुणाची बढाई नाही. वॉलरने तो हुकूम शब्दशः पाळला नाही असं म्हणतात, पण गावंच्या गावं जळली, तांदूळ, बैल, होड्या गेल्या. किती माणसं मेली यावर अजून वाद आहे, दोन-अडीच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत आकडे सांगितले जातात. ४८ सैनिकांची नावानिशी यादी आहे, आणि या बाजूला हजारांत सुद्धा एकमत नाही. माझं मत विचारलंस ना पुराणदादा, ते हेच. ज्यांची मोजणीच झाली नाही त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय त्या सकाळला काहीही नाव देऊ नये.

१९०२ मध्ये स्मिथवर खटला झाला, शिक्षा म्हणजे फक्त समज, मग अध्यक्ष रूझवेल्टने त्याला निवृत्त केलं. वॉलरवर वेगळा खटला, अकरा फिलिपिनो हमालांना गोळ्या घातल्याबद्दल. सुटला.

सह्यमुलुख

अंगावर काटा आला. पण एक बोलतो, राग मानू नका. ते ७४ जण पण बहुतेक विशी-पंचविशीतली पोरं असणार, कुठल्यातरी गावातून पगारासाठी भरती झालेली, हातात चमचा असताना मारली गेली. देवळातली घंटा वाजवून असा हल्ला करणं याला मी शौर्य म्हणताना अडखळतो.

पुराणवस्तू

@सह्यमुलुख, अडखळणं बरोबर आहे, पण क्रम बघा. आधी कुणी कुणाच्या गावात येऊन बसलं, कुणी बापे माणसं तंबूत कोंडली, कुणी वर्षाचा तांदूळ जाळला. रायफलवाल्या पलटणीशी कोयतेवाल्यांनी समोरासमोर मैदानात लढायचं होतं का? अचानक हल्ला सोडून त्यांच्या हातात होतं काय?

लंगरवाला

दोघांचंही घेतो. गावात दर २८ सप्टेंबरला हा प्रसंग चौकात उभा करतात, शाळेची पोरं, मास्तर, कोळी सगळे काम करतात, पूर्व सामार प्रांतात त्या दिवशी सुट्टी असते. बोसनची आई म्हणाली की आम्ही दोन्हीकडच्या मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणतो, त्यांच्याही आया होत्याच की. हे ऐकल्यावर सह्यदादांचा प्रश्न मला तिथल्याच माणसांचा वाटतो, बाहेरचा नाही.

शुभ्रा_फ्रीमाँट

माझ्या हॉस्पिटलमध्ये दोन नर्सेस वाराय बोलणाऱ्या आहेत, एक ताक्लोबानची (सामारशेजारच्या लेयते बेटावरचं शहर). सप्टेंबरपासून त्यांचे बालिकबायान बॉक्स भरणं चालू असतं, मोठ्ठे पुठ्ठ्याचे खोके, साबण, कॉफी, चॉकलेट, टिनमधलं मटण, बूट, ख्रिसमसपर्यंत पोचायला. घंटा परत आल्या त्या दिवशी ती ताक्लोबानची ड्युटीवर फोनवर लाइव्ह बघत रडत होती आणि आम्हाला कुणाला काहीच कळेना. घंटांचं नीट सांगा ना.

लंगरवाला

शुभ्राताई, हो, तेच राहिलं.

चर्चच्या तीन घंटा अमेरिकन सैन्याने विजयचिन्ह म्हणून नेल्या. दोन वायोमिंगमधल्या शायेन इथे लष्करी तळावर, पुढे त्याचा हवाई तळ झाला, एफ. ई. वॉरन. तिसरी नववी पलटण स्वतःबरोबर फिरवत राहिली आणि शेवटी ती दक्षिण कोरियातल्या त्यांच्या तळावर होती. अशा गावात घड्याळ घरोघरी नसतानाच्या काळात घंटाच सगळं सांगायची, प्रार्थनेची वेळ, मयत, वादळ, आणि त्याही आधी दक्षिणेकडून मोरो चाचे पोरंबाळं पकडून न्यायला आले की पळा म्हणून. त्या गेल्यावर गाव मुकं झालं असं तिथले लोक म्हणत.

परत मागणं १९९० च्या दशकात जोरात सुरू झालं, अध्यक्ष रामोस यांनी क्लिंटनकडे विषय काढला. वायोमिंगमधल्या माजी सैनिकांच्या संघटनांचा विरोध, हे आमच्या मेलेल्या साथीदारांचं स्मारक आहे म्हणून, आणि तिथले खासदारही त्यांच्या बाजूने. गावचे पाद्री, बोरोंगानचे बिशप, फिलिपिनो इतिहासकार आणि काही अमेरिकन माजी सैनिकसुद्धा वर्षानुवर्षं पत्रं लिहीत राहिले. जुलै २०१७ मध्ये अध्यक्ष दुतेर्ते यांनी संसदेपुढच्या भाषणात घंटा मागितल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकन संरक्षणमंत्री मॅटिस यांनी शायेनला जाऊन त्या सोपवायचा कार्यक्रम केला, ११ डिसेंबरला त्या मनिलाला उतरल्या, १५ ला बालांगिगात. ११७ वर्षांनी. दुसऱ्या दिवसापासून पहाटेच्या नाताळ-प्रार्थना, सिम्बांग गाबी, सुरू होतात, म्हणजे अगदी वेळेवर आल्या.

बोसन तेव्हा समुद्रात होता. त्याच्या आईने फोन घंटेजवळ धरून रेकॉर्डिंग पाठवलं, जहाजाचं इंटरनेट असलं की माहितीये ना, ते उतरायला दोन दिवस लागले. मग मेसमध्ये सगळ्या फिलिपिनो क्रूने उभं राहून ऐकलं, आणि आम्ही चार भारतीयसुद्धा.

चहाबिस्किट

यावरून आपल्याकडचं आठवणारच. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज चर्चच्या घंटा देवळांना दिल्या, नाशिकची नारोशंकर, वाईजवळची मेणवली, भीमाशंकर. अभिमानाने दाखवतो आपण. मी पण दाखवल्यात मुलांना. हा धागा वाचून पहिल्यांदा वाटलं की वसईच्या एखाद्या ख्रिस्ती बाईला त्या बघून काय वाटत असेल.

पुराणवस्तू

चहादा, विषय मोठा आहे, वेगळा धागा काढ, मी येतो. इथे बालांगिगाच राहू दे.

माडबागायत

मला एक विचारायचंय. २०१३ चं मोठं वादळ तिकडेच गेलं ना? निसर्ग वादळामध्ये आमची पोफळं झोपली तर अजून उठतोय आम्ही. त्यांच्या बागांचं काय झालं?

लंगरवाला

माडताई, हो. हायान, तिकडे योलांदा म्हणतात. ८ नोव्हेंबर २०१३ ला पहाटे किनाऱ्याला पहिल्यांदा लागलं ते गिवानला, म्हणजे बालांगिगापासून पूर्वेला, आणि मग पश्चिमेकडे आखातावरून ताक्लोबानवर. ताशी ३०० किमीच्या वर वारा. देशभर सहा हजारांवर माणसं गेली, सगळ्यात जास्त ताक्लोबानमध्ये समुद्र आत घुसून. बालांगिगातही घरांची छपरं, शाळा, बाजार, सगळं गेलं.

त्या पट्ट्यात कोट्यवधी माड एकतर पडले किंवा शेंडे तुटून नुसते खांब उरले. आणि माड म्हणजे आज लावला आणि उद्या नारळ असं नाही, सहा-सात वर्षं धरा, उंच जातीला त्याहून जास्त. वाटेकऱ्याच्या घरात तितकी वर्षं कोप्रा नाही म्हणजे रोकड नाही. मदत आली, रोपं आली, पडलेल्या माडांच्या फळ्या कापून त्याचीच घरं बांधली. मधल्या काळात गाबी (आळू), रताळी आणि पालावान नावाचा मोठ्ठा आळूसारखा कंद लावून भागवलं. मासेमारीवाल्यांच्या होड्या फुटलेल्या, त्यांनाही होड्या मिळाल्या. पण तरणी पोरं तेव्हा जी बाहेर गेली, मनिला, सेबू, सौदी, जहाजं, त्यातली थोडीच परत फिरली. बोसनच्या वर्गातली निम्मी मुलं बाहेर आहेत. गावात नवी सिमेंटची घरं दिसतात ती या बाहेरच्या पैशाची, आणि ओसरीवर आजी-आजोबा नि नातवंडं.

मला जे सुरुवातीला लागलं म्हणालो ते हे. घंटा आल्या तेव्हा जगभरचे कॅमेरे आले. कोप्राचा भाव पडतो तेव्हा कुणी येत नाही.

सह्यमुलुख

दादा, पटलं. जायचं ठरवतोय, बायको पण तयार आहे. कसं जायचं, कधी जायचं, राहायचं कुठे?

लंगरवाला

सह्यदादा, जरूर जा. जून २०२५ पासून भारतीयांना १४ दिवसांसाठी व्हिसा लागत नाही, आणि दिल्लीहून मनिलाला एअर इंडियाचं थेट विमान सुरू झालंय ऑक्टोबर २०२५ पासून. मनिला ते ताक्लोबान तासा-दीड तासाचं विमान. ताक्लोबानहून गिवानकडे जाणारी व्हॅन पकडायची, ती सान ह्वानिको पुलावरून सामारमध्ये शिरते. पूल १९७३ चा, दोन किलोमीटरच्या वर, वळणं घेत जातो, खिडकीची जागा घ्या. २०२५ मध्ये तो कमकुवत झाला म्हणून मोठ्या गाड्यांना बंदी घातली होती, माल बोटीने न्यायला लागायचा आणि सगळंच महाग झालं होतं, तर निघायच्या आधी स्थिती विचारून घ्या. पुढे बासेय, माराबुत (इथे समुद्रात उभे चुनखडीचे सुळके दिसतात, मान वळवून वळवून बघाल), लावाआन, मग बालांगिगा.

गावात मोठं हॉटेल नाही, साध्या खोल्या मिळतात, नाहीतर गिवानला राहून दिवसभरासाठी यायचं. रोख पैसे ताक्लोबानलाच काढा. नोव्हेंबर ते जानेवारी टाळा. १० ऑगस्टची फिएस्ता किंवा २८ सप्टेंबर, यातलं एक धरा, मी तरी फिएस्ता म्हणेन, कुठल्याही घरात बोलावून जेवायला बसवतात आणि नाही म्हटलेलं चालत नाही. वहिनी शाकाहारी असतील तर आधी सांगून ठेवा, भात, नारळाच्या रसातली आळूची पानं आणि भाजलेलं केळं यावर छान निभतं, फक्त त्या पानांत सुकट नसल्याची खात्री करून घ्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बोसनच्या भावाला कळवून ठेवतो.